आधी ओळख, मग टाकी

‘लहान शिकारी मासे’ या नावाखाली घरगुती टाक्यांसाठी जे मासे विकले जातात, त्यांत वेगवेगळ्या पाच-सहा कुळांतले प्राणी असतात. केरळच्या नद्यांतला जेमतेम तीन सेंटिमीटरचा पी पफर, ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला तांबडा डारियो, ईशान्य भारतातले बुटके चन्ना (म्हणजे आपल्या मरळीचे भाऊबंद), काँगो खोऱ्यातला ठिपक्याठिपक्यांचा टेनोपोमा, अॅमेझॉनचा पानमासा, सह्याद्रीच्या ओढ्यांतला पट्टेरी पँचॅक्स. दुकानात हे सगळे लहान दिसतात आणि सगळे दुसरे जीव खातात. यापलीकडे त्यांच्यात सामाईक असे काही नाही. तरीही एवढ्याच भांडवलावर एक अख्खे सल्लाशास्त्र उभे राहिले आहे. मासा लहान, म्हणून टाकी लहान चालते. शिकारी आहे, म्हणून जिवंत मासे खायला घालावेत. रंग चित्राशी जुळला की ओळख पटली. आणि नाहीच जमले, तर जवळचे तळे आहेच. हा सल्ला मोडतो तो एकाच जागी: कोणता मासा आहे हे कळण्याआधीच त्याचे काय करायचे ते त्यात ठरून गेलेले असते.

पहिला मुद्दा रंगाचा. पिल्लाचा रंग आणि मोठ्या माशाचा रंग यांत अनेक शिकारी जातींमध्ये काडीचा संबंध नसतो. लाल अंगावर दोन काळ्या रेघा असलेली बोटभर लांबीची पिल्ले ‘रेड स्नेकहेड’ म्हणून विकली जातात. झुंडीने फिरतात, देखणी दिसतात, स्वस्तही असतात. ही चन्ना मायक्रोपेल्टिसची पिल्ले. आग्नेय आशियातला हा मासा वाढत वाढत एक मीटरच्या पुढे जातो, लाल रंग जाऊन पाठ निळसर काळी होते आणि ज्या टाकीत पंधरा पिल्ले खेळत होती तिथे एकालाही वळता येत नाही. चन्ना मारुलियसचे, म्हणजे मोठ्या मरळीचे, पिल्लू कडेच्या नारिंगी पट्ट्यामुळे असेच खपते. तोही मीटरभर वाढणाराच. उलट आसामचा चन्ना ब्लेहेरी पूर्ण वाढला तरी साधारण १५ सेंटिमीटरच्या आत राहतो. तिन्ही पिल्ले एका रांगेत ठेवली तर सर्वांत लहान राहणारे कोणते, हे रंगावरून सांगण्याचा कोणताही मार्ग नाही.

रंगावर विसंबण्याची चूक फक्त दुकानदार करतो असेही नाही. फ्रान्सिस डे याने १८६५ मध्ये कोचीनजवळच्या माशावरून चन्ना डिप्लोग्रामा या मलबारी जातीचे वर्णन केले. पुढे ती मायक्रोपेल्टिसच समजली गेली, कारण दोघांच्या पिल्लांवर दोन काळ्या रेघा. सह्याद्रीच्या दक्षिण भागातली ही स्वतंत्र जात आहे हे २०११ मध्ये, म्हणजे १४६ वर्षांनी, शरीररचना आणि जनुकांच्या पुराव्याने पुन्हा प्रस्थापित झाले. नमुने आणि सूक्ष्मदर्शक हाताशी असलेल्या अभ्यासकांची जिथे दीड शतक फसगत झाली, तिथे मोबाइलवरच्या चित्राशी मासा ताडून पाहणाऱ्याने खात्रीने बोलू नये.

मग ओळखायचे कशावरून? चन्नांच्या बाबतीत उत्तर पुष्कळसे सरळ आहे आणि ते रंगाशी नव्हे, अवयवांशी बांधलेले आहे. पहिली खूण पोटाखालच्या परांची. छातीच्या परांखाली, पोटाशी असणारी ही जोडी ब्लेहेरीला नसतेच. श्रीलंकेच्या चन्ना ओरिएंटालिसलाही ती नसते. भारतात सर्वत्र, अगदी कोकणातल्या ओढ्यांतही, सापडणाऱ्या चन्ना गचुआला मात्र ती आखूड का होईना असते. गचुआ अनेकदा ‘ओरिएंटालिस’ या नावाने विकला जातो. पोटाखाली एक नजर टाकली तरी ही थाप उघडी पडते. दुसरी खूण कडेच्या रेषेवरच्या खवल्यांची. गचुआमध्ये ते चाळीस-पंचेचाळीसच्या आसपास, मारुलियसमध्ये साठीच्या पुढे, मायक्रोपेल्टिसमध्ये ऐंशीहून जास्त. खवले बारीक आणि दाट असतील तर मासा मोठा होणाऱ्यांपैकी असण्याची शक्यता बळावते. आणखी एक खूण पाठीच्या सलग पराची: गचुआमध्ये त्याच्या काड्या पस्तिशीच्या आगेमागे, तर मारुलियसमध्ये पंचेचाळीसहून अधिक.

यावर एक आक्षेप हमखास येतो. हौशी माणसाने दुकानात उभे राहून खवले मोजायचे का? आक्षेप दिसतो तेवढा वजनदार नाही. पोटाचे पर आहेत की नाहीत, हे पाहायला मोजणी लागत नाही. मासा काचेच्या अरुंद डब्यात घेऊन कडेने काढलेले एक स्वच्छ छायाचित्र मोठे करून पाहिले की खवलेही मोजता येतात. दहा वर्षे सांभाळायच्या प्राण्यासाठी दहा मिनिटे जास्त नव्हेत.

आक्षेपाचा दुसरा भाग मात्र मान्य करायला हवा. पुष्कळ जातींना शास्त्रीय नावच उशिरा मिळाले. पश्चिम बंगालच्या लेफ्रागुडी दलदलीतला चन्ना अँड्राओ हा आधी ब्लेहेरीचाच निळा प्रकार म्हणून विकला जात असे. राल्फ ब्रिट्झ यांनी त्याला स्वतंत्र जात म्हणून नाव दिले ते २०१३ मध्ये. मेघालयाच्या चन्ना पार्डालिसला नाव मिळाले २०१६ मध्ये. खुद्द गचुआ या एका नावाखाली अनेक जाती दडलेल्या आहेत, हे आता सर्वमान्य आहे. अशा वेळी प्रामाणिक लेबल म्हणजे नदीचे किंवा निदान जिल्ह्याचे नाव. मासा कुठून आला हे विक्रेता सांगू शकत नसेल, तर त्याने दिलेल्या लॅटिन नावाला फारशी किंमत नाही. ‘बुटका चन्ना’ म्हणून दिलेला मासा ऑरँटिमाक्युलाटा निघाला, तर तो ४० सेंटिमीटरपर्यंत जाईल. बार्का निघाला तर मीटरच्या घरात. हे दोघे ब्लेहेरीचे शेजारी आहेत, त्याच ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले. त्यामुळे ‘आसामचा आहे’ एवढे सांगणेही पुरे पडत नाही.

पफरच्या बाबतीत घोटाळा वेगळा आहे. पी पफर, कॅरिनोटेट्राओडॉन त्रावणकोरिकस, याचे वर्णन सुंदरलाल होरा आणि के. के. नायर यांनी १९४१ मध्ये पंपा नदीतल्या माशांवरून केले. तो संपूर्ण आयुष्य गोड्या पाण्यात काढतो. त्याच्याच शेजारच्या टाकीत, तितक्याच आकाराचा, हिरवट पाठीवर गोल काळे ठिपके असलेला दुसरा पफर असतो: डायकोटोमिक्टेर निग्रोव्हिरिडिस. हे पिल्लू असते. ते १५ सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि मोठेपणी त्याला खाडीसारखे मचूळ पाणी लागते. दोघांना एकच ‘पफर’ मानणाऱ्या सल्ल्यातून दोन उलट चुका एकाच वेळी होतात. निग्रोव्हिरिडिस गोड्या पाण्यात ठेवला जातो आणि कालांतराने खंगतो. पी पफरच्या टाकीत ‘पफर आहे ना, मग मीठ घाला’ म्हणून चमचाचमचा मीठ पडते, ज्याची त्याला काहीही गरज नसते. फरक डोळ्यांना दिसण्यासारखा आहे. पी पफरच्या पिवळसर अंगावर ठिपक्यांपेक्षा वेडेवाकडे गडद डाग असतात आणि अडीच सेंटिमीटरचा नर पूर्ण वयात आलेला असतो: त्याच्या पोटावरून एक गडद रेघ जाते, डोळ्यांमागे चमकदार सुरकुत्या दिसतात. तेवढ्याच आकाराच्या निग्रोव्हिरिडिसमध्ये वयात आल्याची कोणतीही खूण नसते. इथे एक पोटभेदही आहे. ब्रिट्झ आणि मॉरिस कोटेलाट यांनी १९९९ मध्ये वर्णन केलेला कॅरिनोटेट्राओडॉन इमिटेटर हा पी पफरसारखाच दिसतो. मात्र दोघांची निगा सारखीच असल्याने या गोंधळाने पाळणाऱ्याचे फारसे बिघडत नाही. ओळखीचा आग्रह कुठे धरायचा आणि कुठे सोडून द्यायचा, हेही समजले पाहिजे.

उलट दिशेची चूकही होते: जो शिकारी नाही त्याला शिकारी ठरवण्याची. महाराष्ट्रात अधूनमधून ‘नदीत पिरान्हा सापडला’ अशी बातमी येते आणि मासा निघतो तो बाजारात रूपचंद म्हणून विकला जाणारा पाकू. टाक्यांतही हाच मासा ‘पिरान्हा’ म्हणून खपतो. जबडा उघडला की वाद मिटतो. पिरान्ह्याचे दात त्रिकोणी, पात्यासारखे आणि एका ओळीत. पाकूचे दात माणसाच्या दाढांसारखे, फळे-बिया फोडायला बनलेले, वरच्या जबड्यात दोन ओळींत. भयाचा सगळा बाजार दाताच्या एका आकारावर कोसळतो.

डारियोच्या बाबतीत गोंधळाची किंमत मासाच चुकवतो. फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ च्या गंगेतील माशांवरील ग्रंथात बॅडिस आणि डारियो या दोन्ही माशांची वर्णने दिली. पुढे २००२ मध्ये कुलँडर आणि ब्रिट्झ यांनी या कुळाची फेरमांडणी करून बारीक माशांसाठी डारियो ही वेगळी प्रजाती केली. सह्याद्रीतल्या या कुळाच्या जातींना नावे तर अगदी अलीकडे मिळाली: डारियो युरॉप्सला २०१२ मध्ये, कर्नाटकातल्या डारियो हुलीला आणि शरावतीच्या खोऱ्यातल्या बॅडिस ब्रिट्झीला २०१५ मध्ये, वायनाडच्या डारियो नीलाला २०१८ मध्ये. शेवटच्या दोघांच्या वर्णनकर्त्यांत पुण्याचे नीलेश दहाणूकर आहेत. दुकानात मात्र सगळे ‘बॅडिस’. फरक आहे तो खाण्याचा. पाच-सहा सेंटिमीटरचा बॅडिस गोठवलेले ब्लडवर्म आनंदाने खातो. दोन सेंटिमीटरच्या डारियोचे तोंडच एवढे लहान असते की त्याला डॅफ्निया, सायक्लॉप्स किंवा नुकत्याच अंड्यातून निघालेल्या आर्टेमियाची पिल्लेच पेलतात. सुक्या दाण्यांकडे तो ढुंकूनही पाहत नाही. शिवाय दुकानांत येणारे बहुतेक डारियो नर असतात, कारण मादीला रंग नसतो आणि बिनरंगाचा मासा कोणी घेत नाही. मग पाच नर एका छोट्या टाकीत जातात, एकमेकांना टोचतात आणि त्यांतला दुबळा उपाशी मरतो. दोष मात्र ‘नाजूक जात’ म्हणून माशाच्या माथी मारला जातो.

ओळखीनंतर येते शिकारीची पद्धत. ‘शिकारी’ या एका शब्दात किमान चार वेगळे धंदे कोंबलेले आहेत. पानमासा आणि टेनोपोमा दबा धरतात. अंग पानासारखे, हालचाल मंद, आणि जबडा अचानक नळीसारखा पुढे येतो. पँचॅक्स पृष्ठभागाचा शिकारी: तोंड वर वळलेले, पाठीचा पर शेपटीजवळ सरकलेला, पाण्यावर पडलेला किडा टिपायला तयार. पी पफर डोळे फिरवत फिरवत शोधतो आणि चोचीसारख्या दातांनी चावतो. डारियो पानापानावरचा सूक्ष्म जीव वेचतो. तोंडाची दिशा, परांची जागा आणि अंगाची ठेवण पाहून हे बऱ्याच अंशी ताडता येते, अगदी नाव ठाऊक नसलेल्या माशाबद्दलही. चार सेंटिमीटरचा टेनोपोमा दुकानात निऑन टेट्रांबरोबर शांतपणे राहतो, कारण टेट्रा अजून त्याच्या तोंडात मावत नाहीत. तो १५ सेंटिमीटरचा होईपर्यंत टेट्रा एकेक करून नाहीसे होतात आणि मालक फिल्टरमध्ये शोधत बसतो. पँचॅक्सला ‘शांत मासा’ म्हणणारे पुस्तकी वर्णनही त्याच्या तोंडाच्या मापाचा विचार केलेला नसल्यानेच फसते.

आता अन्न. सर्वांत हट्टाने सांगितला जाणारा आणि सर्वांत जास्त नुकसान करणारा दावा असा, की शिकारी माशाला जिवंत मासेच घालावे लागतात. त्याने त्याची ‘वृत्ती’ टिकते. निसर्गात काय घडते ते आधी पाहावे. गचुआ ओढ्यात जे खातो त्यात किडे, त्यांच्या अळ्या, लहान कोळंबी, बेडूकमासे आणि जमल्यास एखादा मासा असतो. पी पफरचे अन्न म्हणजे गोगलगायी, कवचधारी बारीक जीव आणि अळ्या. डारियो मासा गिळूच शकत नाही. म्हणजे ज्या माशांसाठी हा नियम सांगितला जातो, त्यांतले बहुतेक जण निसर्गात प्रामुख्याने कीटकभक्षी आहेत. वृत्ती टिकवायचीच तर रातकिडे, नाकतोडे आणि डासांच्या अळ्या तिच्या अधिक जवळच्या ठरतील.

पोषणाचा हिशेबही जुळत नाही. फीडर, म्हणजे जिवंत खाद्य, म्हणून सर्वाधिक वापरला जाणारा मासा म्हणजे गोल्डफिशचे पिल्लू. गोल्डफिश आणि कार्प कुळातल्या बऱ्याच माशांच्या शरीरात थायमिनेज हे विकर असते, जे ब-१ जीवनसत्त्व नष्ट करते. याची ओळख जगाला माशांमुळे नव्हे, कोल्ह्यांमुळे झाली. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात फरसाठी पाळलेल्या कोल्ह्यांना कच्चे कार्प खायला घातले जात होते. त्यांना झटके येऊ लागले, पाय लुळे पडले आणि ते मरू लागले. अशा एका फार्मच्या मालकाच्या नावावरून हा रोग आजही चॅस्टेक पक्षाघात म्हणून ओळखला जातो. शिजवल्याने हे विकर निकामी होते, गोठवल्याने होत नाही. तेव्हा ‘जिवंत नको तर गोठवलेले गोल्डफिश द्या’ ही तडजोडही कामाची नाही. गप्पीच्या बाबतीत थायमिनेजची अडचण नाही, पण दुसरी आहे. दाटीवाटीच्या टाकीतून किलोच्या भावाने आलेल्या गप्पींबरोबर कॅमॅलॅनस नावाचे कृमी येतात. गुदद्वारातून बाहेर डोकावणारे लालसर धागे दिसले की समजावे. शिवाय पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आणि नांगरकृमीही याच वाटेने शिरतात. महागडा चन्ना घेऊन दर आठवड्याला दहा रुपयांचा रोग विकत घेण्याचा हा प्रकार आहे.

या दाव्यात खरे काय आहे, तेही सांगायला हवे. अॅमेझॉनचा पानमासा, मोनोसिरस पॉलिअकँथस, हलणाऱ्या भक्ष्यावरच झेपावतो. मेलेले अन्न त्याच्या लेखी अन्नच नसते, निदान सुरुवातीला. त्याच्यासाठी घरी वाढवलेल्या, वेगळ्या टाकीत काही आठवडे ठेवून पाहिलेल्या गप्पींची पिल्ले किंवा लहान कोळंबी देणे समर्थनीय आहे. पण हा अपवाद एका जातीचा आहे आणि तो ओळखता येण्यासाठी आधी जात ओळखावी लागते. इतर बहुतेकांना चिमट्यात धरून हलवलेला कोळंबीचा किंवा खाऱ्या पाण्यातल्या पांढऱ्या माशाचा तुकडा दिला, तर काही दिवसांत ते तो घेऊ लागतात. दोन-तीन दिवस उपास पडला म्हणून निरोगी चन्ना मरत नाही. उलट मोठ्या चन्नाला रोज खायला घालणे हेच त्याचे आयुष्य कमी करते. कोंबडीचे काळीज किंवा बीफ हार्ट हा दुसरा लोकप्रिय पर्याय. अधूनमधून ठीक, पण सस्तन प्राण्यांची आणि पक्ष्यांची चरबी थंड रक्ताच्या माशाला नीट पचत नाही.

गांडुळांबद्दल एक स्थानिक सावधगिरी हवी. महाराष्ट्रात गांडूळखताच्या वाफ्यांत सर्रास आढळणारे गांडूळ म्हणजे आयसेनिया फेटिडा. डिवचल्यावर ते पिवळसर, उग्र वासाचा द्रव सोडते आणि पुष्कळ मासे ते तोंडात घेऊन थुंकतात. त्यावरून ‘हा मासा गांडूळ खात नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. शेतातल्या किंवा बागेतल्या साध्या मातीतले गांडूळ धुऊन दिले, तर तोच मासा ते गिळतो. अर्थात ती माती कीटकनाशक न मारलेली असावी.

टाकीच्या मापाबद्दलचा सल्ला फार वेळ घेण्याच्या लायकीचा नाही. इंचाला अमुक लिटर, असे सूत्र सांगणारे एक गोष्ट विसरतात: शिकारी माशाचे अन्न जवळजवळ संपूर्ण प्रथिनांचे असते, त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या इतर माशापेक्षा तो जास्त अमोनिया सोडतो. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू नव्या फिल्टरमध्ये रुजायला चार ते सहा आठवडे जातात. मासा त्यानंतर आणायचा असतो. दबा धरणाऱ्याला आणि तळाशी राहणाऱ्याला पाण्याच्या उंचीपेक्षा तळाचे क्षेत्रफळ हवे. ब्लेहेरीच्या जोडीला ९० बाय ४५ सेंटिमीटरचा तळ असेल, तर उंची तीस सेंटिमीटर पुरते. पी पफर आणि डारियो यांना लिटरपेक्षाही आडोसा महत्त्वाचा. साठ-सत्तर लिटरमध्ये सहा पी पफर नांदतात, पण एका टोकापासून दुसरे टोक दिसणार नाही इतकी झाडी असेल तरच. त्याच टाकीत नुसती खडी आणि एक प्लास्टिकचा किल्ला असेल तर दोघांतही मारामारी होते.

चन्नांच्या बाबतीत दोन गोष्टी विशेष. ते हवेतून श्वास घेतात. बहुतेक मोठ्या चन्नांना पृष्ठभागापर्यंत पोहोचता आले नाही तर ते पाण्यात अक्षरशः बुडून मरतात. म्हणून पाणी आणि झाकण यांच्यात काही इंचांची मोकळी जागा ठेवावी आणि झाकण जड असावे, कारण ते उड्या मारतात. तारेसाठी ठेवलेली फटही त्यांना पुरते. दुसरी गोष्ट तापमानाची. ‘उष्ण प्रदेशातला मासा, म्हणून बारमाही २८ अंश’ हा नियम हिमालयाच्या पायथ्याशी राहणाऱ्या ब्लेहेरीला लागू नाही. तिथल्या हिवाळ्यात ओढ्यांचे पाणी विशीच्या खाली उतरते. पुण्यात किंवा नाशकात डिसेंबर-जानेवारीत हीटर काढून ठेवला, तर त्याचे काही बिघडत नाही. अनुभवी पाळणारे तर हा गारवा मुद्दाम देतात.

उरला ‘उपयोगी मासा’ हा युक्तिवाद. टाकीत गोगलगायी झाल्या की दोन पी पफर आणून सोडा, असे सांगितले जाते. गोगलगायी फस्त होतात, हे खरे. पण काही आठवड्यांत त्या संपतात आणि पफर संपत नाहीत. मग ते गप्पींच्या आणि फायटरच्या लांब परांकडे वळतात. गोगलगायींची संख्या वाढते ती उरलेल्या अन्नामुळे. खाद्य कमी केले तर ती आपोआप घटते. साफसफाईसाठी ज्याला आणले, त्यालाच पुढे चार-पाच वर्षे पोसायचे असते, हा हिशेब कोणी करत नाही.

आणि हे पफर येतात कुठून? फार मोठ्या प्रमाणात रानातून. राजीव राघवन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २००५ ते २०१२ या काळात भारतातून धोक्यात आलेल्या किमान ३० जातींचे १५ लाखांहून अधिक गोड्या पाण्यातले मासे शोभेसाठी निर्यात झाले, आणि त्यांत मोठा वाटा तीन जातींचा होता: मिस केरळ, पी पफर आणि कृष्णेच्या खोऱ्यात सापडणारा पट्टेरी बोटिया. ‘ओढ्यात पुष्कळ आहेत’ या समजुतीला हा आकडा पुरेसे उत्तर आहे. पी पफर टाकीत प्रजनन करतो. शेवाळाच्या गाद्यांत अंडी घालतो. आईबापांपासून ती वेगळी काढली आणि पिल्लांना सूक्ष्म जीव पुरवले तर ती वाढतात. गचुआचा नर तर अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळतो. टाकीत जन्मलेला मासा मागणारे गिऱ्हाईक वाढले, तर तसा पुरवठा करणे अवघड नाही.

‘नाहीच जमले तर तळ्यात सोडू’ या शेवटच्या सोयीचे परिणाम नोंदलेले आहेत. दुकानात वीतभर असलेला आणि वाढून दोन मीटरच्या पुढे जाणारा अॅलिगेटर गार २०२३ च्या एप्रिलमध्ये भोपाळच्या मोठ्या तलावात आणि मे महिन्यात श्रीनगरच्या दल सरोवरात सापडला. अमेरिकेत २००२ साली मेरीलँडमधील क्रॉफ्टन गावच्या तळ्यात उत्तरेकडचा स्नेकहेड, चन्ना आर्गस, प्रजनन करताना आढळला. तो शोभेचा नव्हे, खाण्यासाठी जिवंत विकत घेतलेला मासा होता. पण नको झाल्यावर त्याला सोडण्याची वाट तीच. तळ्यात विष घालून सगळे मासे मारावे लागले. त्याच वर्षी तिथल्या केंद्र सरकारने लेसी कायद्याखाली आयात आणि राज्याराज्यांतली वाहतूक बंद केली. बंदी आर्गसपुरती नव्हती, चॅनिडे या संपूर्ण कुळावर होती; मीटरभर वाढणारा मायक्रोपेल्टिस आणि वीतभरही न वाढणारा आसामचा ब्लेहेरी त्या यादीत एकाच ओळीत आले.